एका रिंगखाली दोघं

जळगाव, ९ नोव्हेंबर

अभिमन,

प्रिय वगैरे लिहीत नाही, तू हसशील. फोन केला असता, पण आपलं फोनवरचं बोलणं तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतं आणि मग तू 'रेंज नाही' म्हणून ठेवून देतोस. धुळ्यात भर चौकात राहणाऱ्या माणसाला रेंज नसते, हे वेगळं झाल्यापासून ऐकतेच आहे. कागदाला रेंज लागत नाही. वाचायचं तर वाच, नाहीतर उशीखाली ठेव.

तुझा कुंदन पोहोचला. साक्रीहून वडिलांबरोबर आला. पितांबर नाना एवढे वयाने मोठे, स्टँडवर मलाच हात जोडायला लागले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणाले, बाई, पोराला नोकरी लागेल असं बघा. खेळाडू कोट्यातून एखाद्या सरकारी खात्याच्या संघात गेला की जन्माचं भलं होईल. माझ्या राजदीपची आई कलाबाईसुद्धा पहूरहून येते ती एवढं एकच वाक्य बोलायला. दोन पोरं, दोघं एकोणीस वर्षांची, दोघं साडेसहा फुटांच्या वर, दोघं रिंगखाली खेळणारे पिव्हट. आणि नोकरी त्या एका साहेबांच्या हातात, जे जानेवारीत सोलापूरला बास्केटबॉलच्या राज्य स्पर्धेत पोरं बघायला येणार आहेत. तुला हे पाठ आहे, पण तुझा निरोप वाचून वाटलं की विसरलास.

निरोप काय, तर "एका रिंगखाली एकच. कुंदनला आत खेळव, राजदीपला बाकावर बसव. जमत नसेल तर माझं पोर परत दे." वा रे वा. जसं काही मी तुझ्याकडून वाटीभर साखर उसनी आणली आहे. जळगाव-धुळ्याचा मिळून एक संघ करायचं समितीने ठरवलं, प्रशिक्षक म्हणून मला नेमलं, तुला नाही नेमलं. त्याचा राग माझ्यावर काढ, पोरांवर नको.

माझं ऐक. आपल्या खानदेशात एवढ्या उंचीचं आणि पळणारं पोर कधीतरी एखादं निघतं. इथे दोन निघालीत, तीही एकाच वयाची. आणि तू म्हणतोस त्यातलं एक बाकावर बसव? इतर संघांकडे एक उंच माणूस असतो, त्याला अडवायला एक उंच माणूस लागतो. दोघांना अडवायला दोघं आणणार कुठून? एका म्यानात दोन तलवारी हे मलाही माहीत आहे. पण ही पोरं आहेत, तलवारी नाहीत.

एका खोलीत ठेवलंय दोघांना. वसतिगृहाच्या खाटा सहा फुटी, पाय बाहेर लोंबतात, म्हणून पायथ्याशी आडवा बाक लावून दिला. तो बाक कुणाच्या बाजूला किती, यावरूनही कुरबूर झाली. बाकी सराव उत्तम चालू आहे. काळजी नसावी.

वृषाली

जळगाव, २१ नोव्हेंबर

अभिमन,

सराव उत्तम चालू आहे असं मी लिहिलं होतं. थाप होती.

दोघं एकमेकांवर आदळतात. रिंगखालच्या डीमध्ये दोघंही ठाण मांडून उभे, चेंडू आला की दोघांचे हात वर, चेंडू तिसऱ्याच्याच हातात. परवा कुंदनचा ओठ फुटला. राजदीपचा खांदा लागला होता. राजदीप म्हणतो, तो माझ्या जागेवर आला. कुंदन म्हणतो, ती माझी जागा. शेतात बांधावरून भांडतात तसं. मी मध्ये उभी, दोघांच्या छातीपर्यंतसुद्धा नीट पोहोचत नाही, आणि ओरडून ओरडून घसा बसला. उद्या पोरं मला खुणांनी विचारतील, मॅडम, काय म्हणता?

एकाला बाहेर काढायलाच हवं होतं. बाहेर म्हणजे संघाबाहेर नाही, डीच्या बाहेर, फ्री थ्रोच्या रेषेपाशी. तिथून त्याने आतल्याला चेंडू द्यायचा. कुंदनला निवडलं, कारण त्याचे हात राजदीपपेक्षा मऊ आहेत. माझं पोर आत ठेवलं असं तू म्हणशील. म्हण. मी सगळ्यांचे हात बघितले आणि मग ठरवलं.

पण कुंदन बाहेर जातच नाही. निघतो, चार पावलं टाकतो आणि थबकतो. पुन्हा सांगितलं की पुन्हा निघतो आणि अगदी तिथेच थबकतो. मला वाटलं, तुझ्यासारखाच हट्टी. सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले त्याला. त्याने मान खाली घातली आणि एवढंच म्हणाला, "मॅडम, मना पाय पुढे जातच नही. सरनी दावं बांधेल व्हतं."

दावं. मी दोनदा विचारलं. तू त्या पोराच्या कंबरेला बैलाचं दावं बांधून रिंगच्या खांबाला अडकवायचास, त्याने डी सोडू नये म्हणून. दोन उन्हाळे. आता दावं नाही, खांब नाही, धुळं नाही, तरी त्याचा पाय तेवढ्याच लांबीवर अडतो. अभिमन, पोर आहे की गुरं? तुझ्या समोर असते तर काय केलं असतं मला माहीत नाही. सरावानंतर मी त्या जागेवर जाऊन उभी राहिले आणि मला रडू आलं, आता सांगून टाकते.

आपला तो बाळ्या असं मी करणार नाही, म्हणून माझंही ऐक. राजदीप बारा वर्षांचा असल्यापासून माझ्याकडे आहे. पहूरच्या त्याच्या शाळेच्या संघात दुसऱ्या कुणाला चेंडू झेलताच येत नव्हता. मी त्याला शिकवलं, चेंडू हातात आला की थेट रिंगात, कुणाला देऊ नकोस. त्या संघात ते बरोबर होतं. आता त्याला दुसरं माणूस दिसतच नाही. समोर कुंदन मोकळा उभा असला तरी दिसत नाही. एवढं उंच माणूस न दिसणं म्हणजे कमाल आहे. तू दाव्याने बांधलंस, मी तोंडाने बांधलं.

तुझा मेसेज मिळाला, "आपल्या दोघांचं बघ ना. एका मैदानावर दोघांना शिट्टी हवी होती." दळणाच्या रांगेत उभी होते तेव्हा वाचला. त्यावर आज काही लिहीत नाही.

वृषाली

जळगाव, ५ डिसेंबर

अभिमन,

रविवारचा धुळ्याचा सरावसामना हरलो, तो तू पाहिलासच. तुझ्या मैदानावर, तुझ्या पोरांसमोर, चांगलंच तोंडघशी पडले. तेवढं पुरेसं होतं. पण तुला हात वर करून सगळ्यांसमोर सांगायचं होतं की पुढच्या सामन्यापर्यंत बघतो, नाहीतर माझं पोर मी नेतो. कुंदन तिथेच उभा होता. बाजारात सौदा चालावा आणि जनावराने ऐकावं, तसं त्याने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही खाटा रिकाम्या. मला पहिला संशय तुझाच आला. तुला फोन लावला, तू घेतला नाहीस, म्हणून खात्रीच झाली. मग वसतिगृहाच्या मावशींनी सांगितलं की कुंदनच्या वडिलांचा फोन आला होता, पपईची गाडी अचानक लागली आहे आणि मजूर मिळत नाहीत. तो न सांगता निघून गेला. राजदीप त्याच्या मागे, त्याला ओढून आणायला. कारण तो गेला तर लोक म्हणणार, राजदीपने हाकलला.

मीही निघाले. तुझ्या गल्लीच्या तोंडावरून बस गेली. उतरले नाही.

साक्रीच्या पुढे नानांचं शेत. गाडी शेतात शिरत नाही, मध्ये नाला आहे, म्हणून ती पायवाटेच्या तोंडाशी उभी. पपई तोडून नाल्याच्या काठाशी यायची आणि तिथून हातोहात वर गाडीत. नखाचा ओरखडा लागला तरी व्यापारी फळ बाजूला काढतो, म्हणून फेकायची अशी की वरच्याच्या हातात अलगद यावी. माझे दोन पिव्हट तिथे कामाला लागलेले. राजदीप गाडीत, वर, हात उंच केलेले. कुंदन खाली. तोडणारे कधी डावीकडून देत, कधी उजवीकडून, आणि तो धावत जाऊन घ्यायचा, वळायचा आणि वर द्यायचा. राजदीपकडे बघतही नव्हता. तरी प्रत्येक पपई त्याच्या हातात, डोक्याच्या वर, जिथे तिसऱ्याचा हात पोहोचणार नाही तिथे.

आणि त्याचे पाय कुठेच अडत नव्हते.

मी आधी दोघांना इतकं झापलं की पितांबर नाना गाडीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. ती पोरं माना खाली घालून ऐकत होती आणि हात मात्र चालूच, कारण गाडी भरायची होती. मग माझाच आवाज आपोआप खाली आला. राजदीपला विचारलं, सुरुवातीला किती पाडल्या? लाजला. म्हणाला, पहिल्या तीन-चार पाडल्या, नाना काही बोलले नाहीत पण तोंड बघवेना. मग मला म्हणाला, "मॅडम, हा फेकत नाही. हातात ठेवतो."

सात वर्षांत राजदीपने दुसऱ्या खेळाडूबद्दल बोललेलं हे पहिलं चांगलं वाक्य. मी खाली नाल्याच्या काठावर बसले. नानांच्या घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा आला, तो खाल्ला, आणि गाडी भरेपर्यंत दोघांना बघत राहिले.

काल सरावात कुंदनला फ्री थ्रोच्या रेषेवर जा असं म्हटलंच नाही. म्हटलं, राजदीप गाडीत आहे, तू नाल्यावर. तो हसला आणि गेला. सरळ गेला, रेषेपर्यंत गेला. बाकीची पोरं आमच्याकडे खुळ्यासारखं बघत होती. मी शिट्टी वाजवायची विसरले.

तू अजून फोन घेतलेला नाहीस. नेऊ नकोस त्याला. हे मी विनंती म्हणून लिहिते आहे, तुझ्याशी भांडायला नाही.

वृषाली

जळगाव, २२ डिसेंबर

अभिमन,

कसं वाटलं?

नाही, खरंच विचारते. मागच्या रांगेत मफलर गुंडाळून बसला होतास, जसं काही कुणी ओळखणार नाही. तू ज्या संघाला खानदेशात कुणी हरवू शकत नाही म्हणायचास, त्याला आम्ही वीसच्या वर गुणांनी हरवलं. कुंदन बाहेर, राजदीप आत. समोरचे दोघं राजदीपवर धावले की कुंदन मोकळा, कुंदनवर धावले की चेंडू राजदीपच्या डोक्यावर. त्यांचा प्रशिक्षक शेवटी पाण्याची बाटली आपटत होता. मी तुझ्याकडे तीनदा बघितलं. तू एकदाही टाळी वाजवली नाहीस, पण उठूनही गेला नाहीस.

सामना संपल्यावर मात्र गायब. शेवभाजीचा डबा आणला होता. पोरांनी खाल्ला.

कुंदनला नेलं नाहीस, त्याबद्दल आभार. लिहायला जड जातंय, पण आभार.

आता तुझा कालचा मेसेज. "तू जिंकशील. पण साहेब एकालाच नेतो. बाहेर उभा राहणारा कुणाला दिसत नाही." वाचून संताप आला, कारण मीही आकडे बघितले होते. राजदीपचे गुण सत्तावीस, कुंदनचे सहा. वर्तमानपत्रवाला आला तो राजदीपचा फोटो घेऊन गेला. कुंदन चप्पल शोधत होता.

पण ज्याला खेळ कळतो त्याला दिसेल. साहेब काय आंधळे आहेत? चेंडू राजदीपच्या हातात आभाळातून पडतो का? मी नानांना शब्द दिला आहे की दोघंही दिसतील. तू सगळ्या गोष्टींत आधी काळं बघतोस, लग्नातही तेच केलंस. मी चिडले की नेमकं हेच तोंडातून निघतं. खोडत नाही, राहू दे.

वृषाली

सोलापूर, १४ जानेवारी

अभिमन,

दोन सामने जिंकलो. उद्या उपांत्यपूर्व. इथे सगळे विचारताहेत, हे खानदेशचे दोन खांब कुठून आणले?

साहेब आले आहेत. शांत माणूस, गळ्यात चष्मा. आज सामन्यानंतर त्यांनी राजदीपला बोलावून नाव विचारलं, गाव विचारलं, बोटं बघितली, गुडघे बघितले. कुंदन दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला काही विचारलं नाही. तू बरोबर होतास, घे, लिहून दिलं.

संध्याकाळी सरावाला कुंदन उभा राहिला तो थेट रिंगखाली, राजदीपच्या शेजारी. हलेना. मी ओरडले नाही. सगळ्यांना पाठवून दिलं आणि त्याच्याजवळ गेले. तो म्हणाला, "मॅडम, दर टाइमले मीच कसाले बाहेर?"

काय सांगणार होते? खरं तेच सांगितलं. म्हटलं, कारण तुला बाहेर खेळता येतं, त्याला येत नाही. त्याने चेंडू खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हनजे ज्याले जमस, त्यालेच शिक्षा?"

अभिमन, मी त्याला जाऊन जेव म्हटलं. बावीस वर्षं मुलांना शिकवते आहे, आणि एवढंच म्हणता आलं.

राजदीपला हे कळलं आहे. तो तेव्हापासून कुंदनच्या आसपास घुटमळतोय. उद्या कुंदन आत घुसला तर दोघं पुन्हा आदळणार, हरणार, आणि मग साहेब दोघांपैकी कुणालाच बघणार नाहीत. तो बाहेर गेला तर जिंकू, आणि साहेब राजदीपला घेऊन जातील. असं आहे. माझ्या हट्टाने कुंदनची नोकरी जाणार, हे मला आता स्वच्छ दिसतंय.

तो ऐकेल तर तुझंच. तू एक फोन करून 'आत जा, स्वतःचं बघ' म्हणालास तर तो आत जाईल, आणि तुला दोष देता येणार नाही. हे पत्र तुला मिळेल तेव्हा सामना होऊन गेलेला असेल. म्हणून तर लिहायची हिंमत झाली.

इथे थंडी आहे. तुझा तो जुना स्वेटर माझ्याच बॅगेत निघाला. घातला.

वृषाली

जळगाव, २३ जानेवारी

अभिमन,

पेपरात वाचलं असशील, उपांत्य फेरीपर्यंत गेलो. खानदेश तिथवर गेल्याचं मला तरी आठवत नाही. मुंबईकडून हरलो, पण शेवटच्या मिनिटापर्यंत त्यांच्या नाकात दम आणून हरलो. दोन मोठे एकत्र खेळू शकतात की नाही, यावर आता आपण भांडायचं कारण उरलं नाही.

पण ती गोष्ट नाही. सगळं क्रमाने सांगते.

उपांत्यपूर्वच्या दिवशी सकाळी कुंदन येऊन म्हणाला, "सरना फोन उना व्हता." तू काय सांगितलंस ते त्याने सांगितलं नाही आणि माझी विचारायची छाती झाली नाही. सामना सुरू झाला. तो आत आला, राजदीपच्या शेजारी क्षणभर उभा राहिला, आणि मग चालत बाहेर गेला, रेषेवर. तिथून त्याने सामनाभर चेंडू दिला. तू काय म्हणालास, अभिमन? मी इतकी वर्षं तुला ओळखते असं समजत होते.

दुसऱ्या दिवशी, हरल्यावर, साहेब माझ्याकडे आले. म्हणाले, मॅडम, माझ्याकडे पिव्हटची एकच जागा आहे. राजदीपचं जवळजवळ ठरलंय. पण तुम्ही दोघांना रोज बघता. प्रामाणिकपणे सांगा, माझ्या संघात दोघांतला कोण जास्त चालेल?

एवढंच करायचं होतं, 'राजदीप' म्हणायचं होतं. किंवा नुसती मान हलवायची होती. तो माझा आहे. बारा वर्षांचा असताना पहूरच्या मैदानावर अनवाणी पळताना मी त्याला हेरला. त्याच्या आईला मी शब्द दिला. त्याला टायफॉइड झाला तेव्हा मी उशाशी बसले होते.

मी म्हटलं, कुंदन.

साहेबांना आश्चर्य वाटलं. मी सांगितलं, राजदीपच्या निम्म्याहून जास्त गुणांमागे कुंदनचा हात आहे. कुंदन कुणाहीबरोबर खेळेल, तुमच्या संघातल्या साध्या पोरालाही तो चांगला करेल. राजदीपला मात्र कुंदन लागतो. तुमच्याकडे त्याला कुंदन कोण देणार? साहेब म्हणाले, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, कुंदनला बोलावलं, त्याला पाच-सहा जणांत खेळवून पाहिलं, आणि अर्ध्या तासात ठरलं.

राजदीप माझ्या मागेच उभा होता. मला माहीत नव्हतं. शूज काढायला बाकाशी आला होता. त्याने सगळं ऐकलं. चिडला असता, ओरडला असता, तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मी तुमचा होतो ना?"

मी खरं बोलले. सात वेळा तपासून पाहिलं, मी खरंच बोलले. पण रात्रंदिवस एकच किडा डोकं पोखरतोय. मी कुंदनचं नाव घेतलं ते खरं होतं म्हणून, की तू लिहिलं होतंस बाहेरचा कुणाला दिसत नाही, आणि मला तुला खोटं पाडायचं होतं म्हणून? त्या क्षणी तू माझ्या डोक्यात होतास, अभिमन. साहेब समोर होते, आणि माझ्या डोक्यात तू होतास. एवढ्यासाठी मी त्या पोराची नोकरी घालवली असेल तर मला कुठे तोंड दाखवायला जागा नाही.

कुंदन जायला तयार नव्हता. मी आणि नानांनी मिळून त्याला गाडीत बसवलं. जाताना तो राजदीपला मिठी मारायला गेला, राजदीपने मारू दिली.

कलाबाई आली होती. तिला मीच सांगितलं. ती म्हणाली, बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला जास्त कळतं. यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

राजदीप पाच दिवस मैदानावर आला नाही. काल आला. उभ्या उभ्याच म्हणाला, मला धुळ्याला जायचंय, अभिमन सरांकडे. मी विचारलं, का? तो म्हणाला, सर आपल्या पोरासाठी भांडतात. मला बाहेर खेळायला शिकायचंय आणि ते मी तुमच्याकडे शिकणार नाही.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सोमवारी सकाळच्या बसने निघेल. मी सोडायला येते म्हटलं तर नको म्हणाला. तू स्टँडवर जा. त्याला पोळी चालत नाही, ज्वारीची भाकरी लागते, आणि डावा गुडघा थंडीत धरतो, सरावाआधी शेक द्यावा लागतो. तो मागणार नाही. पास द्यायला शिकव. चुकला तरी धीर धर, तो मुद्दाम चुकत नाही, त्याला मी तसं शिकवलं आहे. माझी बाजू मांडायला जाऊ नकोस. माझा राग येत असेल तर येऊ दे त्याला.

आपण दोघांनी मिळून एक संघ केला असता तर काय झालं असतं, हा विचार मी सोलापूरहून येताना गाडीत केला. पुढचा केला नाही, स्टेशन आलं.

पुढच्या वर्षी पुन्हा कुणीतरी साहेब येतील. पुन्हा विचारतील, दोघांत चांगला कोण, तिघांत चांगला कोण. तेव्हा राजदीपच्या मागे तू उभा असशील. खरं-खोटं मी बघून घेईन, ते पाप माझ्या नावावर असू दे. तू फक्त त्याचं नाव घे.

वृषाली